आग थांबवणारी रसायनं आणि आपल्या घरातली धूळ

मी लखनौहून बोलतेय. माहेर नागपूरचं, पण लग्न होऊन इथं आले त्याला आता चाळीस वर्षं होतील. एकतीस वर्षं इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले तरी शिकवायची खोड गेलेली नाही, म्हणून या मालेतलं बोलावणं आलं तेव्हा लगेच हो म्हटलं.

आज ज्या विषयावर बोलणार आहे, तो मला आमच्या घराच्या माळ्यावर सापडला.

गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही माळा आवरायला काढला. त्यात जुना टीव्ही निघाला. १९९६ साली हजरतगंजमधून घेतलेला, मागं मोठं कुबड असलेला. ह्यांचा त्याच्यावर फार जीव, म्हणून बंद पडूनही पंधरा वर्षं तो वर राहिला. खाली उतरवून बैठकीत ठेवला, आणि तेवढ्यात पुण्याहून आलेली माझी दहा महिन्यांची नात रांगत रांगत तिथं पोचली. दोन्ही तळवे त्या टीव्हीच्या मागच्या कव्हरावर थापले आणि लगेच एक मूठ तोंडात घातली.

लेक ओरडली, "अगं आई, धूळ आहे ना ती!"

मी म्हटलं, "धुळीनं काय होतंय? तुम्ही दोघं भावंडं अशीच वाढलात."

हे बोलून मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथं थबकले. एकतीस वर्षं मुलांना ब्रोमीन शिकवलेली बाई मी. त्या कव्हरात काय असू शकतं, हे मला माहीत होतं. आणि तरीही मी "काय होतंय" म्हणाले होते. आजचं बोलणं त्या एका वाक्याची दुरुस्ती आहे, असं समजा.

आधी हे सांगते की ही रसायनं कुणी वाईट हेतूनं आणलेली नाहीत. जुन्या घरात काय असायचं? लाकूड, कापूस, लोकर, काथ्या, पितळ. नंतर प्लास्टिक आलं, फोम आला. हे दोन्ही मुळात खनिज तेलातून आलेले, त्यामुळं पेट घेतला की झपाट्यानं जळतात. आणि टीव्ही, कॉम्प्युटर, चार्जर यांत तर वीज खेळवलेली. एक ठिणगी पडली की संपलं. म्हणून प्लास्टिकात आग रोखणारं द्रव्य मिसळायची पद्धत आली. त्यांतली खूप वापरली गेलेली द्रव्यं ब्रोमीनची.

ती काम कशी करतात? ज्योत म्हणजे एक साखळी आहे. जळताना काही अतिशय चपळ कण तयार होतात, ते पुढच्या कणांना पेटवतात, ते आणखी पुढच्यांना. प्लास्टिक तापलं की त्यातलं ब्रोमीन सुटतं आणि या चपळ कणांना पकडतं. साखळी तुटते, आग मंदावते. हुशार युक्ती आहे, आणि विजेच्या उपकरणात तिचा उपयोगही आहे. हे मी मनापासून सांगतेय, कारण आगीची थट्टा करायची नसते. मुंबईत कमला मिलमध्ये २०१७ च्या डिसेंबरात १४ माणसं गेली. आमच्या हजरतगंजमध्ये २०२२ च्या सप्टेंबरात एका हॉटेलला आग लागून चार जण गेले.

पण अशा आगीत माणूस पुष्कळदा ज्वाळेआधी धुरानं गुदमरतो. आणि ब्रोमीननं अडवलेलं प्लास्टिक जेव्हा शेवटी जळतंच, तेव्हा त्याचा धूर जास्त काळा आणि जास्त विषारी असतो. म्हणजे या युक्तीलाही मर्यादा आहे.

दुसरी अडचण रोजची आहे. ती समजायला आपण अनारशाकडे जाऊ. पुरणात गूळ घालतो, तो शिजून डाळीशी एकजीव होतो. पुरणातून गूळ परत वेगळा काढता येत नाही. अनारशावरची खसखस मात्र नुसती चिकटलेली असते. डब्यातून अनारसा काढला की तळाशी खसखस उरतेच. आग रोखणारी द्रव्यंही अशीच दोन जातींची. काही प्लास्टिकच्या रेणूला बांधली जातात, ती बऱ्यापैकी जागेवर राहतात. काही नुसतीच मिसळलेली असतात, ती वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येत राहतात. पीबीडीई नावाचं जे कुटुंब सगळ्यात बदनाम झालं, ते खसखशीच्या जातीचं. आणि प्रमाण थोडंथोडकं नाही. टीव्हीच्या मागच्या कव्हराच्या प्लास्टिकात ते शंभर ग्रॅममागं दहा-पंधरा ग्रॅमसुद्धा घातलं जायचं.

बाहेर येऊन जातं कुठं? धुळीत. धूळ जमिनीवर, जमिनीवरून हातावर, हातावरून तोंडात. मोठ्या माणसापेक्षा रांगतं मूल यात जास्त सापडतं, कारण त्याचा सगळा संसार जमिनीवर आणि दर मिनिटाला हात तोंडात. माझ्या नातीनं काही वेगळं केलं नव्हतं, वयाला शोभेल तेच केलं होतं.

आता दोन गोष्टी सांगते, दोन्ही अमेरिकेतल्या, आणि दोन्ही खऱ्या.

पहिली कपड्यांची. तिकडे एकेकाळी लहान मुलांच्या झोपायच्या कपड्यांना ट्रिस नावाचं ब्रोमीनयुक्त द्रव्य लावत. मूल पेटू नये म्हणून. १९७७ च्या जानेवारीत आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स या दोन शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं की हे द्रव्य पेशींतल्या जनुकांत बदल घडवतं, ते कर्करोगाला कारण ठरू शकतं. त्याच वर्षी सरकारनं ते कपडे थांबवले. पुढच्या वर्षी याच मंडळींनी दाखवलं की ते कपडे घालणाऱ्या मुलांच्या लघवीत त्या द्रव्याचा अंश उतरतो. म्हणजे ते नुसतं कापडावर राहत नव्हतं, कातडीतून आत जात होतं. या आर्लीन ब्लम गिर्यारोहकही होत्या. १९७८ मध्ये अन्नपूर्णेवर गेलेल्या महिलांच्या मोहिमेच्या त्या नेत्या.

खरी गंमत पुढं आहे, आणि ती हसण्यासारखी नाही. त्या ट्रिसच्या जागी त्याचाच क्लोरीनवाला भाऊ आणला. तोही मुलांच्या कपड्यांतून काढावा लागला. आणि मग तोच सोफ्याच्या फोममध्ये पुढं अनेक वर्षं वापरला गेला! एका दारातून बाहेर काढायचा आणि दुसऱ्या दारातून पाहुणा म्हणून आत घ्यायचा. या रसायनांच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा झालंय. म्हणून एखाद्या पुड्यावर 'अमुक रसायनमुक्त' असं वाचलं की मी आधी विचारते, मग त्याच्या जागी काय घातलंय?

दुसरी गोष्ट अन्नाची. मिशिगन राज्यात एक रासायनिक कंपनी दोन वस्तू बनवायची. एक 'फायरमास्टर', म्हणजे आग रोखणारं पीबीबी हे ब्रोमीनयुक्त द्रव्य. दुसरी 'न्यूट्रिमास्टर', म्हणजे गुरांच्या पेंडीत घालायचं मॅग्नेशियम ऑक्साइड. नावं जुळी, माल एकाच कंपनीचा. १९७३ मध्ये पिशव्यांची अदलाबदल झाली आणि आगीचं औषध पेंडीत गेलं. गाई दूध देईनात, खुरं वाढू लागली, वासरं मरू लागली. काय चुकतंय ते कुणाला कळेना. रिक हॅल्बर्ट नावाचा एक शेतकरी स्वतः रसायन-अभियंता होता, तो पेंडीच्या मागं हात धुऊन लागला आणि १९७४ मध्ये कारण सापडलं. तोवर लाखो लोकांनी ते दूध, ते मांस, ती अंडी खाल्ली होती. सुमारे ३० हजार गुरं आणि १५ लाख कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. त्या भागातल्या माणसांच्या रक्तात त्या द्रव्याचा अंश दशकांनंतरही मिळतो, अजून त्यांची नोंद ठेवली जाते.

ही द्रव्यं अशी चिवट का? कारण ती पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. चरबीत गेली की मुक्काम ठोकतात. म्हणून अन्नातून येतात ती मुख्यतः मासे, मांस, दूध, लोणी यांच्या वाटेनं. आणि म्हणूनच ती आईच्या दुधातही उतरतात. स्वीडनमध्ये आईच्या दुधाचे जुने नमुने जपून ठेवले होते. १९९९ मध्ये ते तपासले तेव्हा दिसलं की १९७२ ते १९९७ या काळात पीबीडीईचं प्रमाण साधारण दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेलंय. त्यानंतर वापर थांबला तसं ते खाली येऊ लागलं. या वाक्याचा दुसरा भाग विसरू नका. आणि नव्या आयांना मुद्दाम सांगते, यावरून अंगावर पाजणं बंद करायचं नाही. आईच्या दुधाचे फायदे या धोक्याहून कितीतरी मोठे आहेत, असंच डॉक्टर सांगतात.

शरीरात जाऊन ती करतात काय? इथं मला आमच्या उत्तर प्रदेशाच्या तराईची आठवण येते. गोंडा, गोरखपूर, देवरिया या पट्ट्यात पूर्वी गळ्याला गाठ आलेली माणसं गावोगाव दिसायची. मातीत आयोडीन कमी, म्हणून गलगंड. आयोडीनयुक्त मीठ आलं आणि चित्र बदललं. आपली थायरॉइड ग्रंथी आयोडीन वापरून संप्रेरक बनवते, आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते. आता माझ्या जुन्या वर्गातला तक्ता डोळ्यांपुढं आणा. आयोडीनच्या बरोबर वरच्या घरात कोण बसलंय? ब्रोमीन. पीबीडीईचा रेणू आणि थायरॉइड संप्रेरकाचा रेणू शेजारी मांडले तर भावंडं वाटतात, एकावर आयोडीन, दुसऱ्यावर ब्रोमीन. साहजिकच शरीराची गफलत होऊ शकते. न्यूयॉर्कमध्ये नाळेच्या आणि कॅलिफोर्नियात गरोदर बायकांच्या रक्तातलं पीबीडीई मोजून त्या मुलांना वर्षानुवर्षं पाहिलं, तेव्हा जन्माआधी जास्त प्रमाण असलेली मुलं बुद्धीच्या आणि एकाग्रतेच्या चाचण्यांत थोडी मागं दिसली. यावरून एखाद्या मुलाबद्दल काही ठरवता येत नाही. पण जपायला एवढं कारण पुरे.

कुणी म्हणेल, लखनौत बसून ही अमेरिकेची कथा कशाला? तर आमच्या या शहरात महात्मा गांधी मार्गावर विषशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. १९६५ मध्ये डॉ. सिब्ते हसन झैदी यांच्या पुढाकारानं ती सुरू झाली, आज तिला भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्थान म्हणतात. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांची भेसळ झाली की काय होतं, यावर या संस्थेत पुष्कळ काम झालं. भेसळीचं तेल कळतं, कारण माणसं काही दिवसांत सुजतात. आपला आजचा पाहुणा तसा नाही. तो वास देत नाही, चव देत नाही आणि लगेच आजारीही पाडत नाही. त्यामुळं त्याच्याबद्दल कुणी मोर्चा काढत नाही.

आता पुन्हा माझ्या टीव्हीकडे येते.

दुसऱ्या दिवशी दारावर कबाडीवाला आला. आमचा नेहमीचा, मला अम्माजी म्हणतो. टीव्ही उलटापालटा करून म्हणाला, चारशे रुपये देतो. मी सहज विचारलं, "हे पुढं कुठं जातं रे?" तो म्हणाला, "काच इकडे, तांबं तिकडे, आणि हिरवी पट्टी मुरादाबादला."

मुरादाबाद इथून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पितळेची नगरी. धातू वितळवायचं कसब तिथं घराघरात. पितळेच्या धंद्याला उतरती कळा लागली तशी अनेक हातांनी ई-कचरा धरला. सर्किटच्या पट्ट्या जाळायच्या, आम्लात घालायच्या, तांबं आणि सोनं काढायचं, उरलेली काळी राख रामगंगेच्या काठावर टाकायची. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं २०१५ मध्ये तिथली माती आणि पाणी तपासलं तेव्हा जड धातू भरपूर सापडले. त्या राखेवरून राष्ट्रीय हरित लवादानंही प्रशासनाला धारेवर धरलं. आणि ब्रोमीन घातलेलं प्लास्टिक उघड्यावर जाळलं की त्यातून ब्रोमीनची डायॉक्सिनं तयार होतात. मूळ द्रव्य परवडलं, असा तो प्रकार.

तेव्हा मला आठवलं. २००९ मध्ये आमचा पहिला कॉम्प्युटर मी याच माणसाच्या वडलांना तीनशे रुपयांत दिला होता. काही विचारलं नव्हतं. घर मोकळं झालं म्हणून खूश होते. तो कुठं जळला असेल, त्याच्या धुराजवळ कुणाची नात रांगत असेल, हा प्रश्न तेव्हा मनात आला नाही. माझ्या नातीनं तळवा ठेवला तर माझं काळीज हललं. तोच टीव्ही चारशे रुपयांत दुसऱ्याच्या अंगणात पाठवायला मात्र मी निघालेच होते.

मी टीव्ही दिला नाही. खरं सांगते, पुढचं सोपं नव्हतं. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन, मग मेल, मग नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राचा पत्ता, मग त्यांची गाडी. तीन आठवडे तो टीव्ही जुन्या चादरीत गुंडाळून गॅलरीत पडून होता, आणि पैसे मिळाले नाहीत. कबाडीवाला नाराज झाला. त्याचंही खरं आहे. गोळा करणं हे त्याचं काम वाईट नाही. तो नसता तर आपली शहरं कचऱ्याखाली गेली असती. वाईट आहे ते पुढचं जाळणं. त्यानं गोळा करावं आणि माल नोंदणीकृत केंद्राला विकावा, असा रस्ता त्याला मिळायला हवा. तोवर निदान ब्रोमीनचं ओझं असलेल्या जुन्या वस्तू आपण जपून द्याव्यात.

कायदा आपल्याकडे आहे. २०११ च्या ई-कचरा नियमांपासून उपकरणांच्या कोणत्याही भागात पीबीबी किंवा पीबीडीई ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नको, असं बंधन आलं. स्टॉकहोम करारानं २००९ पासून यांतली अनेक द्रव्यं जगभर बंदीच्या यादीत घातली, आणि २०१८ मध्ये आपल्या पर्यावरण मंत्रालयानं सात चिवट रसायनांवर बंदी घातली, त्यांत पीबीबी, पीबीडीईचे दोन प्रकार आणि थर्माकोलमध्ये वापरलं जाणारं एचबीसीडी आलं. या कराराचं आशियातलं एक प्रादेशिक केंद्र माझ्या माहेरी आहे, नागपूरच्या नीरीत. पण कायदा नव्या वस्तूला लागतो. माळ्यावरच्या वस्तूला कायदा कुठून कळणार?

अजून एक जागा आहे जिथं जुना टीव्ही नव्या रूपात परत येतो. काळं प्लास्टिक. जुन्या उपकरणांचं काळं प्लास्टिक वितळवून नव्या वस्तू केल्या जातात, आणि त्यांत कधीकधी स्वयंपाकाचे उलथने, चमचे, खाण्याचे डबेही असतात. २०२४ मध्ये अमेरिकेत असा अभ्यास आला आणि सगळीकडे 'काळे उलथने फेका' सुरू झालं. पण त्या अभ्यासात गणिताची चूक निघाली. साठ किलोच्या माणसाची रोजची मर्यादा काढताना ७,००० गुणिले ६० म्हणजे ४२,००० नॅनोग्रॅम असं लिहिलं गेलं होतं. तुम्ही करून पाहा. येतात ४,२०,०००. एक शून्य गळलं आणि मर्यादेच्या जवळ वाटलेला अंदाज प्रत्यक्षात तिच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी निघाला. चूक दुरुस्त झाली. काळ्या प्लास्टिकात ही द्रव्यं सापडतात, हा भाग मात्र तसाच राहिला. यातून शिकायचं ते हे की घाबरून घर रिकामं करू नका, आणि बातमी खोटी ठरली म्हणून निर्धास्तही होऊ नका. कढईत लाकडी किंवा स्टीलचा उलथना वापरा. आपल्या आज्यांनी तेच केलं.

घरात करायचं काय, ते थोडक्यात सांगते.

कोरड्या झाडूनं धूळ उडते आणि परत बसते. ओल्या फडक्यानं पुसा. टीव्ही, राउटर, चार्जर यांच्या मागची धूळ आठवड्याला ओल्या कापडानं टिपा, उपकरण बंद करून. जेवायच्या आधी साबणानं हात, आणि रांगत्या मुलाचे हात दिवसातून चार वेळा. हे किरकोळ वाटेल, पण न्यूयॉर्कमध्ये तीसएक बायकांवर छोटा प्रयोग झाला. हात जास्त वेळा धुतले, घर ओलं पुसलं, आणि एका आठवड्यात लघवीतली आग रोखणारी काही द्रव्यं ठळक कमी झाली. फोम भुगा होऊन गळू लागलेली गादी किंवा उशी ठेवू नका. मुलाला जुना रिमोट, जुना फोन खेळायला देऊ नका. आणि प्लास्टिक, वायर, थर्माकोल शेकोटीत टाकू नका. आमच्याकडे थंडीत चौकाचौकात शेकोट्या पेटतात, तिथं हे रोज दिसतं.

आगीचं काय, असं विचाराल. आग रोखायचं पहिलं काम रसायनाचं नाही, आपलं आहे. एका सॉकेटवर तीन उपकरणं लावू नका. गळती झाली की वीज तोडणारा स्विच घरात बसवून घ्या. मोबाइल गादीवर, उशीखाली चार्जिंगला लावू नका. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदला. जिन्यात सामान रचू नका, कारण पळायची वाट तीच असते. आणि पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून भरलेली गादी घरात असेल तर तिला नावं ठेवू नका.

त्या जुन्या टीव्हीच्या जागी आता माळ्यावर नातीची छोटी सायकल ठेवली आहे. लेकीनं परवा फोनवर विचारलं, "आई, चारशे रुपये गेले ना?" मी म्हटलं, "गेले. आणि तीनशे २००९ मध्येच जायला हवे होते."

तुमच्या माळ्यावर काय आहे, ते एकदा बघा. काही अडलं तर विचारा, पुढच्या भागात जमेल तसं उत्तर देईन.